पंपाची पाळी

(मोरोक्कोतलं जरादा. जुनी कोळसाखाण बंद पडल्यावर लोकांनी स्वतःच खणलेले खोल खड्डे. त्यातल्या लखदरच्या खड्ड्याच्या तोंडाशी जनरेटर धडधडतो आहे. तळाशी सोडलेल्या पंपाची नळी दगडांवर काळं पाणी ओतते आहे.)

मिमून : बसायला नाही आलो. पंप दे.

लखदर : अरे, आल्या आल्या पंप, पंप! भाकरी गरम आहे, जैतुनाचं तेल आहे...

मिमून : तुझी पाळी शुक्रवारी संपली, लखदर. काल मी बायकोला म्हटलं, आज आणून देईल, लाज असेल त्याला.

लखदर : येणारच होतो. शप्पथ! पण झालं काय, शुक्रवारी बशीरने खालून हाक मारली, "दाजी, लागला!" दोन हिवाळे खणतोय आम्ही दोघं, नुसता दगड. आणि आता हा एवढा थर, कोपरापर्यंत जाड! चमकतो नुसता. अशा वेळी पंप काढायचा म्हणजे...

मिमून : माझाही चमकत होता. आता पाण्याखाली चमकतोय.

लखदर : बरंच चढलंय?

मिमून : टेकू सुटून तरंगायला लागलेत. अजून एक-दोन दिवस गेले की छतच बसेल. मग तू पंप आण नाहीतर समुद्र उपसायचं यंत्र आण.

लखदर : फक्त आजचा दिवस दे.

मिमून : काल तुझ्या बायकोनेही हेच सांगितलं.

लखदर : तू माझ्या जागी असतास तर?

मिमून : होतो की! गेल्या रमजानात माझी पाळी संपली तेव्हा माझाही कोळसा अर्धा खणायचा राहिला होता. पंप वर काढला, गाळ धुतला, रात्रभर थंड होऊ दिला आणि तुझ्या दारात आणून ठेवला. तू मागायच्या आधी. ठेवला होता की नाही?

लखदर : होतास ठेवला.

मिमून : मग?

लखदर : तेव्हा मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. खरं सांगतो. मी नसता ठेवला.

मिमून : हे मात्र खरं बोललास. खोकून घे आधी, मग बोल. ... झालं? आता सांग, रोज संध्याकाळी वर काढून धुतोस ना?

लखदर : ते...

मिमून : लखदर, धुतोस ना?

लखदर : वर काढला की लगेच गुडघाभर भरतं रे. मग सकाळी तेच उपसत बसायचं.

मिमून : म्हणजे शुक्रवारपासून चालूच आहे?

लखदर : त्याच्या आधीपासून.

मिमून : या अल्ला! गाळ खातोय तो! चार खड्ड्यांचा पंप आहे, तुझ्या सासऱ्याने आंदण नाही दिलेला! बशीरला वर बोलव.

लखदर : दुपारपर्यंत थांब. दोन पोती भरू दे त्याला. मग मी स्वतः पाठीवर घालून...

मिमून : गप्प.

लखदर : शिव्या घाल, पण...

मिमून : गप्प बस म्हणतो ना! नळी बघ.

लखदर : येतंय की पाणी.

मिमून : ठिबकतंय. जनरेटरचा आवाजही हलका झालाय. त्याच्यावर ओझंच नाही.

लखदर : होतं असं कधीकधी. परत येतं. येईल बघ. येईल.

मिमून : जनरेटर बंद कर! पाण्यात वीज उतरली तर मरेल तो!

लखदर : केला! बशीर! ए बशीर! दोर धर!

मिमून : बोलला का?

लखदर : नाही. बशीर! ... हलला, दोर हलला! ओढ!

मिमून : रहाटाचा दांडा नीट धर. दम लागला तर सांग.

लखदर : ओढ रे, बोलू नकोस!

बशीर : सोडा आता. राहतो मी उभा.

लखदर : लागलं का कुठे?

बशीर : नाही. कमरेपर्यंत पाणी आलं एकदम. पंप गेला, दाजी. घुरघुरला आणि बसला.

मिमून : गाळ अडकला असेल. धुतला की...

बशीर : नाही, मिमूनभाऊ. तार वितळली. वास येत होता.

लखदर : दुरुस्त करू. वजदाला नेऊ, त्या मिस्त्रीकडे.

मिमून : गेल्या वेळीच त्याने सांगितलं होतं, पुन्हा जळला तर भंगारात घाला.

लखदर : मिमून, तुझा खड्डा...

मिमून : राहू दे.

लखदर : शिवी तरी दे रे एखादी.

मिमून : त्याला कोरडं काहीतरी दे अंगावर घालायला. कुडकुडतोय.

लखदर : हे घे, बशीर, माझा कोट घे. सगळा माल खालीच राहिला का?

बशीर : सगळा. कुदळ पण.

लखदर : जाऊ दे कुदळ.

बशीर : आपली नव्हती ती.