हायड्रोजनचा आवाज

सीताबर्डीच्या बसथांब्यावर गोदूबाईंच्या शेजारी एक आई आणि शाळेच्या गणवेशातली तिची मुलगी येऊन बसल्या.

"आई, आज मी प्रॅक्टिकलले नाही जात."

"काहून वं? काल तर सारं पाठ म्हणून दाखवलं."

"जस्ताच्या तुकड्यांवर ॲसिड टाकलं की हायड्रोजन निघते, ते येते मले. पण मंग नळीच्या तोंडाशी जळती काडी न्या लागते. मागच्या वेळी मी काडीच फेकून देली."

"भाजलं होतं का?"

"नाही. फट् वाजते ना ते. अन् तू मले घरी कधी काडी पेटवू देली का?"

आईनं पिशवीतून देवळासाठी घेतलेली माचीस काढली.

"घे, पेटव इथंच. हे पेनाचं टोपण म्हणजे तुही नळी."

"पेटली वं आई."

"आता आण टोपणाजवळ. हं, धडाम."

"आई, बॉम्ब नाही तो. नळीत जरासाच गॅस असते, लहानसाच आवाज होते."

लहानपणी वाजवायच्या तसं गोदूबाईंनी गालात बोट घालून फट् वाजवलं.

"एवढं का वं, पोरी?"

"हो आजी, अस्संच."

हातातली काडी विझली होती. मुलीनं दुसरी आपणच ओढली.

"आजी, अजून एकदा वाजवा."