रुबीबाईंना मागे म्हणायचं होतं

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनात आधी मोजू, मग बोलू.

बोरखडे गाव. दत्ताचं देऊळ. गुरुवार, दुपारचे चार. सभामंडपात बायका अकरा. झांजांच्या जोड्या नऊ, कारण दोघी आपापल्या घरी विसरून आलेल्या. पेटी एक, तिची एक पट्टी मुकी. पखवाज एक, वाजवणारे नारूमामा एक. भजनाच्या वह्या तीन, त्यांत भजनं शेहेचाळीस. आणि देवळाच्या पायरीवर, बाहेर, एक बाई. वय एकाहत्तर. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात चंदेरी टिकल्यांचा पायघोळ झगा, चार बोटं उंच टाचांच्या चपला – काढून बाजूला नीट ठेवलेल्या, हं!

अकरा आत. एक बाहेर.

आता मला सांगा – एखाद्या माणसानं जे जे दिलं ते आपण घ्यायचं, अंगावर घालायचं, तोंडानं गायचं, आणि तोच माणूस दारात आला की म्हणायचं, 'जागा नाही'! हे कुठल्या भक्तीत बसतं? बोला ना! ... घ्या, माना खाली! मघाशी प्रसाद कधी आहे ते विचारायला बऱ्या वर होत्या!

तर ही बाहेरची बाई कोण? गावच्या गुरवाची पोर, राही. बापानं ह्याच देवळात जन्मभर सनई वाजवली. पोरगी अठराव्या वर्षी मुंबईला पळाली, ऑर्केस्ट्रात गायला लागली, आणि राहीची झाली – मिस रुबी! काळ डिस्कोचा. आजोबा, हसलात म्हणजे आठवतंय तुम्हाला! आजी, त्यांच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा.

वर आरशांचा गोळा फिरतोय. खाली रुबी. खांद्यांवर पंखांसारख्या झालरी, फुगीर बाह्या, बाह्यांना चंदेरी काठ, माईकची वायर मनगटाला दोन वेढे गुंडाळलेली. गाणं रंगात आलं, आता ध्रुवपद येणार, की सगळी वाद्यं एकदम बंद! शांत. आणि रुबी डोक्यावर हात नेऊन वाजवायची दोन टाळ्या. टप्! टप्! मग ध्रुवपद. आणि ते कसं? लांबच्या लांब ओळ, मध्ये श्वास नाही. एका दमात! बाकीच्या गायिका मधे थांबायच्या, ही थांबायची नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहायचे, हो!

बरं, ते गेलं का सगळं? ऑर्केस्ट्रा गेले, आरशांचे गोळे भंगारात गेले. रुबी कुठे गेली? लग्नाच्या बँडवाल्याच्या लाल कोटाला खांद्यावर झालर कुठून आली? वरातीत ध्रुवपदाआधी ड्रम थांबतो आणि सगळी वरात दोन टाळ्या वाजवते, ते कुणी शिकवलं? टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत वीस वर्षांची मुलगी चंदेरी पंख लावून येते, मनगटाला वायर गुंडाळल्यासारखा हात फिरवते – अगं, तुझ्या माईकला वायरच नाही! मग गुंडाळतेस काय? तिला ठाऊक नाही. तिनं जिचं बघितलं, तिलाही ठाऊक नाही. पण तो हात रुबीचा आहे.

आणि आता रुबीबाई गावी परत आलेल्या. भावाच्या घरी राहतात. दर गुरुवारी देवळात येतात. आणि दर गुरुवारी शकूआक्कांचं डोकं उठतं.

शकूआक्का नलवडे म्हणजे महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. वय बासष्ट. आधीच बाई वैतागलेल्या. पेटीची पट्टी दुरुस्त होत नाही. सुरेखा झांज विसरते. मंदाकिनी भजनाच्या मधे फोन घेते आणि वर सांगते, 'हं, भजनातच आहे, बोल.' आणि त्यात ही! टिकल्यांचा झगा घालून! चालली की जाजमावर टिकल्या सांडतात!

पहिल्या गुरुवारी रुबीबाई म्हणाल्या, "आक्का, मला बसू द्या की."

"कशाला?"

"भजन म्हणायला."

"पुढे म्हणायला मी आहे. आम्हाला गायिका नको."

"पुढे कोण म्हणतंय? मला मागे म्हणायचंय. शेवटच्या रांगेत. जन्मभर एकटी पुढे उभी राहिले. मागे कोण म्हणतंय ते दिसायचंसुद्धा नाही, तोंडावर दिवे! आता कुणाच्या तरी मागून म्हणावंसं वाटतं. बास, एवढंच."

"जागा नाही," शकूआक्का म्हणाल्या.

मंडप चाळीस फुटांचा, मंडळी! बायका अकरा! जागा नाही!

दुसऱ्या गुरुवारी आक्का म्हणाल्या, "झांज नाही." रुबीबाईंनी पिशवीतून स्वतःची झांज काढली. आक्कांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या गुरुवारी आक्का आल्या त्या नियमच लिहून घेऊन. वहीच्या पहिल्या पानावर, ठळक: 'डिस्कोचे काहीही ह्या मंडळात चालणार नाही.' मोठ्यानं वाचला. पायरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

रुबीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उठल्या मात्र नाहीत.

आता मंडळात एक भारतीबाई आहेत. गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या. पण माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. त्यांनी हात वर केला. देवळात! हात वर!

"आक्का, 'डिस्कोचे' म्हणजे नेमकं काय काय? नियम केला तर पाळायला यादी हवी."

"यादी कसली? ती बाहेर बसलीय ती!"

"नियमात 'काहीही' लिहिलंय. बाई म्हणजे काहीही नव्हे. चाली धरायच्या का?"

"चालींचा काय संबंध?" आक्का वैतागून म्हणाल्या. "आपल्या चाली आपल्या सासवांच्या वेळेपासूनच्या आहेत!"

तेव्हा नारूमामांनी पखवाजावरचा हात काढला. मामा पूर्वी बँडमध्ये ढोल वाजवायचे. म्हणाले, "आक्का, राग मानू नका. पहिल्या वहीतलं पहिलं भजन. त्याची चाल रुबीबाईंची."

"काहीतरीच!" आक्का म्हणाल्या, पण मामांकडे न बघता.

"तुमच्या सासूबाईंनी ती आमच्या बँडकडून उचलली. आम्ही रेकॉर्डवरनं उचलली. रेकॉर्ड रुबीबाईंची. दुसरं भजन पण. तिसरं नाही. चौथं ... हो, चौथं पण."

भारतीबाईंनी पेन्सिल काढली. मामा एकेक चाल गुणगुणतात, ह्या खूण करतात. शेहेचाळिसांपैकी एकोणीस! उरली सत्तावीस.

"काढा ती एकोणीस!" आक्का म्हणाल्या. "सत्तावीस काय कमी आहेत?"

"आणि टाळ्या?" भारतीबाई.

"कसल्या टाळ्या?"

"ध्रुवपदाआधी आपण थांबतो आणि दोन टाळ्या देतो. त्या कुणाच्या?"

आक्कांनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे. सत्ताविसांतली बावीस टाळ्यांची! उरली पाच. त्यांतले तीन पाळणे, ते फक्त जयंतीला. एक आरती, ती शेवटी. राहिलं एक. त्याची चाल कुणाला येत नव्हती!

हसताय? शकूआक्का हसत नव्हत्या. सहा वर्षं त्यांनी हे मंडळ एकटीनं ओढलं होतं, आणि आता वहीत म्हणायला एक भजन नाही. त्यात मंदाकिनी फोन ठेवून म्हणते, "आक्का, आणि हे अंगावरचं?"

"काय अंगावरचं?"

"गणवेशाचे ब्लाउज. फुगीर बाह्या, चंदेरी काठ. तालुक्याचा शिंपी मापाच्या चिठ्ठीवर काय लिहितो माहितीय? 'रुबी बाही'. माझ्याकडे चिठ्ठी आहे."

अकरा बायका, बावीस बाह्या! प्रत्येकीनं आपापल्या दंडाकडे बघितलं. आणि मग सगळ्यांनी बघितलं पायरीकडे.

तिथे रुबीबाई बसलेल्या, आणि त्याही वैतागलेल्या! "अगं बायांनो, काढताय काय? म्हणा की ती भजनं! चांगली म्हणता. फक्त ते तिसऱ्या ओळीत घाई करता, ती करू नका. मी चाली परत मागितल्या का? बाह्या मागितल्या? ठेवा सगळं. ते तुमचंच झालंय. मी जागा मागतेय. दीड हात!"

 

आणि मग शकूआक्का उठल्या. गुडघे दुखत होते, खांबाला धरून उठल्या. पायरीपाशी गेल्या. बायकांना वाटलं, आता 'या' म्हणणार. छे! अहो, माणसाचा राग इतका सरळ असतो का?

"तुम्हाला जागा हवी?" आक्का म्हणाल्या. "मी सोळा वर्षांची होते. चुलतभावानं तुमची रेकॉर्ड आणली. मी रात्रंदिवस ऐकली. ब्लाउजच्या बाह्यांवर तीनशे टिकल्या शिवल्या, तुमच्यासारखे केस कापले. ती ओळ एका दमात म्हणायला विहिरीत डोकं बुडवून श्वास धरायला शिकले! गणपतीपुढे म्हटली. आबांनी काय केलं माहितीय? ब्लाउज चुलीत घातला. पेटी विकली. पुन्हा घरात गाणं नाही. चार महिन्यांत लग्न लावून दिलं. का? तर मी रुबी होईन म्हणून! माझं गाणं तुमच्यामुळे गेलं. आणि आता तुम्ही येता, आणि म्हणता जागा द्या!"

मंडळी, हा होता नियम! समजलं? वहीत लिहिला 'डिस्को', पोटात होती ती चूल. आपण नियम कशाचे करतो आणि राग कशाचा असतो – घरी गेल्यावर तपासा जरा!

रुबीबाई लगेच विरघळल्या नाहीत. रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या आबांनी पेटी विकली. माझ्या बापानं माझ्या पाठीवर सनई मोडली. हे बघ, इथे अजून वण आहे. त्यांचा राग तू माझ्यावर काढतेस, आक्का? मी तर तुला ओळखतही नव्हते."

"तेच तर! तुम्हाला कुणाचंच काही माहीत नव्हतं!"

"नव्हतं," रुबीबाई म्हणाल्या. "सांगितलं ना, तोंडावर दिवे असायचे. समोर हजार माणसं, मला एक दिसायचं नाही. मला वाटायचं, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. घरी जाऊन कोण टिकल्या शिवतं, कुणाची पेटी जाते, मला कोण सांगणार? तू पहिली सांगतेस." मग विचारलं, "तीनशे? हातानं?"

"तीनशे बारा."

"कुठला टाका?"

शकूआक्कांना राग आला. खरंच आला! ही बाई अशा वेळी टाका विचारते! पण पंचेचाळीसएक वर्षांत त्या बाह्यांबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, लेकींनी नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उलटा टाका. प्रत्येक टिकलीला गाठ वेगळी. म्हणजे एक तुटली तरी बाकीच्या राहतात."

"माझ्या शिंप्याला एवढी अक्कल असती," रुबीबाई म्हणाल्या, "तर तुमच्या जाजमावर एवढा कचरा झाला नसता."

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. शकूआक्कांनी मागे वळून डोळे वटारले. मग पुन्हा पायरीकडे बघितलं.

"ती ओळ आता येते का तुला?" रुबीबाईंनी विचारलं. "एका दमात?"

"लग्नानंतर एका दमात कधी म्हटली नाही. म्हणायचीच नाही, असं ठरवलं होतं. ह्या सगळ्या मधे श्वास घेतात, मीही घेते."

"म्हण. मी मागे म्हणते."

शकूआक्का वळल्या. परत आपल्या जागी गेल्या. बसताना गुडघ्याला शिव्या दिल्या. वहीचं पहिलं पान फाडलं नाही, खोडलं नाही. नुसतं उलटलं, आणि म्हणाल्या, "सुरेखा, सरक. मंदे, फोन ठेव. मागच्या रांगेत जागा करा. आणि टिकल्या ज्याच्या त्यानं उचलायच्या!"

मंडळी, आता मी तुमच्याकडे येतो. पळू नका!

मघाशी पूर्वरंगात तुमच्याकडून दोन टाळ्या कुणी घेतल्या? मी घेतल्या! कुणाच्या होत्या? मलाही ठाऊक नव्हतं, ही कथा हाती येईपर्यंत. म्हणून बोट आधी माझ्याकडे. पण मग तुमच्याकडे, हं! आपल्या मिरवणुकीत हलगी सगळ्यांच्या पुढे लागते, मग तो हलगीवाला पंगतीत सगळ्यांच्या शेवटी का? घरात थोरल्या जावेची आमटी सगळ्यांना हवी, मग जाऊ बोलायला लागली की सगळे उठून का जातात? ज्या बाईच्या साडीची नक्कल करता, तिच्या चालचलनाची चर्चा नळावर कोण करतं? मी नाही, मला नळावर कुणी उभं करत नाही!

देवानं जागा मोजून दिलेली नाही, आपण मोजतो. मग नीट तरी मोजा! कोण बाहेर बसलंय आणि त्याचं काय काय आपल्या अंगावर आहे, ते मोजा. आज घरी गेल्यावर, जेवायला बसण्याआधी. आणि पायरीवर कुणी दिसलं तर 'या' म्हणा. राग असेल तर रागानं म्हणा. पण म्हणा!

काय म्हणताय, आजी? त्या ओळीचं काय झालं?

भारतीबाईंनी घड्याळ लावलं होतं, म्हणून सांगता येतं. भजन पहिल्या वहीतलं पहिलं. पुढे म्हणायला शकूआक्का. मागच्या रांगेत, उजवीकडून तिसऱ्या, रुबीबाई. बायका एकूण बारा. ध्रुवपदाची ओळ तेरा सेकंद. मध्ये श्वास घेतलेल्या बायका दहा.