चिक्कूच्या नावाची बुडी

सशाला गंगेत पोहवायला निघालेला माणूस पाहिलाय का कुणी? माझे बाबा! पंच्याण्णव साल असेल. आमच्या चिक्कूचे मागचे पाय लुळे पडले होते. घाटावर यात्रेकरूंना स्नानाचा संकल्प सांगणाऱ्या बाबांना वाटलं, पाण्यात पाय मारले की सुधारेल. जनावरांचे डॉक्टर ओरडलेच, "पंडितजी, पानी में डाला तो डर से ही मर जाएगा!"

जो स्वतः पाण्यात उतरू शकत नाही, त्याच्या नावाने घरच्यांनी बुडी मारायची, ही घाटावरची रीत. दुसऱ्या दिवशी शालीत गुंडाळलेला चिक्कू माझ्या मांडीवर देऊन बाबाच थंडगार पाण्यात उतरले. संकल्प सुरू झाला आणि नावानंतर अडला.

मी विचारलं, "बाबा, सशाचं गोत्र काय?"

ओंजळ तशीच धरून बाबा खेकसले, "घरातल्याचं काय असतं? आपलंच!"