सातव्या रविवारचा तुकडा

— नको, चहा नको मला. चहा म्हटला की मास्क काढावा लागतो. तू पी की, मी कुठं अडवलंय – पण एवढं सांग, परवा याच बाकावर, आज परत याच बाकावर, परदेशातल्या या टॅला गावच्या एवढ्या मोठ्या पार्कात तुला दुसरा बाक दिसला नाही? योगायोग. बरं बाई, योगायोग. मी नगरला मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलंय, लीलावती साळवे टीचर म्हटलं की पोरींच्या आया झालेल्या पोरी अजून उठून उभ्या राहतात. कोण सहज आलंय आणि कुणाला कुणी पाठवलंय, मला चालण्यावरून कळतं. तू पद्मिनीला ओळखतेस ना? माझ्या सुनेला? बघ, मान हलायच्या आधी डोळे हलले तुझे. एकाच वॉर्डात नर्स आहात, एवढंच? एवढंच तर एवढंच.

मग मी बदकांना काय घालते ते का विचारलंस? ब्रेड घालते. ब्रेड घालू नका म्हणून पाटी आहे तिथं, वाचलीय मी, इंग्रजी येतं मला. पण एवढासाच तुकडा असतो, तोही फक्त रविवारी. आजचा अजून घातला नाही, तू येऊन बसलीस ना. रुमालात का बांधलाय? आता रुमालात बांधला म्हणून काय झालं – लोक नाही बांधत? – साधा ब्रेड नाही तो. तू ख्रिस्ती नाहीस, तुला काय सांगायचं. प्रभुभोजनाचा आहे. चर्चला कुलूप, म्हणून उपासना झूमवर. पाळकसाहेब तिकडे पडद्यावर भाकर मोडतात, आपण इकडे किचनमध्ये आपापला तुकडा हातात धरून बसायचं, त्यांनी सांगितलं की तोंडात घालायचा. माझा मुलगा अमोघ खातो, पद्मिनी खाते. मी रुमालात घालते. आज सातवा रविवार. – झालं, बसले सांगून. जा आता, दे तिला रिपोर्ट.

नाही सांगणार म्हणतेस. सगळ्या असंच म्हणतात. माझी नात ईशा, सहा वर्षांची, तिनं एकदा बघितलं मला, ‘आजी, यू डिडन्ट ईट इट’, मोठ्यानं. मी म्हटलं, दाढ दुखतेय गं. खोटं बोलले, तेही प्रभूच्या मेजावर. आणि पुढच्या रविवारी काय, माझ्या ताटलीत मऊ ब्रेड, कडा काढून! बाकी सगळ्यांना कडक पावाचा, मला मऊ. आता तूच सांग, हे साधं आहे? मला तर सरळ दिसलं, पद्मिनी बघतेय, आता म्हातारी काय सबब काढते. तोंडानं एक शब्द नाही. ‘आई, बऱ्या आहात ना?’ – ‘बरी आहे.’ – ‘ग्रँड.’ इथल्या लोकांसारखं सगळ्याला ग्रँडच म्हणते ती. माणूस भांडलं तर कळतं तरी कुठं उभं आहे.

का खात नाही? हं. आलीस मुद्द्यावर. ऐक मग, नाहीतरी अर्धं काढलंच आहेस माझ्याकडून. आमच्यात सगळ्या पापांना क्षमा आहे. चोरी कर, खून कर, मनापासून पश्चात्ताप झाला की सुटलीस. एक सोडून. पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण – म्हणजे देवाचं काम डोळ्यांदेखत चाललेलं असताना हे सैतानाचं आहे असं म्हणणं. त्याला माफी नाही. कधीच नाही. मीच पोरींकडून घोकून घेतलंय ते, हातात छडी घेऊन. तेव्हा वाटायचं, असलं पाप करणारी माणसं काही वेगळीच असतील. घरात, अंगावर शाल, हातात सोललेला लसूण, आणि तोंडातून जातं म्हणून कुणाला वाटलं होतं!

जानेवारीत अमोघला झाला ना कोरोना. वॉर्डातूनच आणला त्यानं. स्वतः डॉक्टर, आणि स्वतःच ऑक्सिजनवर. नऊ दिवस. भेटायला जायचं नाही, फोनवर पाच शब्द बोलला की धाप. मी तीन महिन्यांसाठी आलेली बाई, विमानं बंद म्हणून वर्षभर अडकलेली, आणि एकुलता एक मुलगा पंधरा मिनिटांवर असून दिसत नाही. मी आपली गुडघ्यावर बसून, शांतपणे, नगरच्या पद्धतीनं प्रार्थना करायची. आणि पद्मिनीनं काय करावं? तिच्या ओळखीच्या त्या नायजेरियन बायका, त्यांना लॅपटॉपवर प्रार्थनेला बोलावलं. भर दुपारी. अगं काय तो आवाज! अन्य भाषा म्हणतात त्याला, कुणाला कळत नाही अशी भाषा, रडणं काय, ओरडणं काय, आणि माझी सून त्यांच्याबरोबर जमिनीवर डोकं टेकून. मला सहन झालं नाही. मी गेले आत आणि म्हटलं – बंद कर हे, हे पवित्र आत्म्याचं नाही, सैतानाचं आहे, माझ्या मुलावर असलं काही नको. मराठीत म्हटलं. त्या बायकांना काय कळणार? एकटीला पद्मिनीला कळलं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि परत डोकं टेकलं.

दोन तासांनी फोन. ताप उतरला, ऑक्सिजन कमी केला, जेवण मागतोय म्हणे.

आता सांग, कुठं जाऊ मी? अमोघ म्हणतो, आई, औषधं लागू पडली. पडली असतील. पण मी मनातून म्हणू कशी, की देवानं काही केलं नाही? आणि केलं म्हणू, तर मी त्याला काय म्हणाले? मुलगा वाचला याचे आभार मानायला बसले की तेच वाक्य पुढं येतं. नगरच्या पाळकांना फोन करून विचारलं मी, एका ओळखीच्या बाईची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, ज्याला भीती वाटते त्यानं ते पाप केलेलंच नसतं, ज्यानं केलंय त्याला भीतीच उरत नाही. ऐकायला छान आहे. मग मी रोज उठून तपासत बसते, वाटतेय ना अजून भीती? परवा ईशाबरोबर पत्ते खेळताना तासभर वाटली नाही, तर हातातला डाव टाकून उठले मी. असल्या मनानं तो तुकडा तोंडात घालायचा म्हणजे आणखी एक पाप. टाकून द्यायचा तर कचऱ्यात कसा टाकू? म्हणून बदकं.

आणि पद्मिनी गप्प. मला कळतं का गप्प आहे. योग्य वेळ बघतेय. विमानं सुरू झाली की अमोघला सांगेल, तुझी आई काय बोलली ऐक. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, खोटं कशाला बोलू.

पिशवीत काय आहे तुझ्या? मघापासून दोन्ही हातांनी धरून बसलीयेस. काही नाही काय, दाखव. डबा? थांब, उलटा कर. तळ दाखव म्हणते ना! – ली. स. साळवे. नगरला भांड्याच्या दुकानात उभं राहून माझं नाव कोरून घेतलंय मी यावर, लाडू भरून आणला होता इथं. म्हणजे पाठवलंच तिनं तुला. मी म्हटलं नव्हतं? मला कुणी फसवू शकत नाही, इकडं आण, मीच उघडते.

ओट्स?

कोरडे ओट्स. काय करू याचं? – बदकांसाठी. बरं. पाटीवर लिहिलंय खरं तसं. आणि काय म्हणाली? शब्द न् शब्द सांग, तुझ्या पदरचं घालू नकोस. – ‘बदकांना हे घाला म्हणावं, तो तुकडा आईंचा आहे.’

एवढंच? आणखी काही नाही? माझ्याविरुद्ध काही – नाही?

कधीपासून माहीत आहे तिला? ... पहिल्या रविवारपासून.

सात रविवार. सात रविवार ती माझ्यासाठी तुकडा कापत होती, आणि मी –

रडत नाहीये, वारा आहे. इथं कायमच असतो. तिला काही सांगू नकोस, घरी गेल्यावर माझं मी बोलेन. डबा राहू दे इथं, रुमालाशेजारी. ऊठ तू आता, जा. आणि जाताना मागे वळून बघू नकोस – मला मास्क काढायचाय.