माडीवरचा मकनजी

न्हाई, नाव मी नीट ऐकलं व्हतं, त्यात माझी चूक न्हाई, तुमाला सांगतो. आपल्या मानवतला बन्सीधर शेठचं कापसाचं जिन, सरकी काढायचा कारखाना, हाय ना, ते शेठ मपल्या पायानं माझ्या किराण्याच्या दुकानात आले, गुळाच्या ढेपीला टेकून बसले आन् म्हणले, "चंद्रप्पा, जिनात तेलाचं नवं इंजिन बसवायचंय, मुंबईहून मकनजी म्हणून माणूस यायलाय, चांगला वर्सभर राहील, तुमची माडी रिकामीच हाय, तेवढी देऊन टाका." आता मकनजी म्हणल्यावर तुमच्या डोळ्यापुढं कोण येईल? माझ्या डोळ्यापुढं तर काळी टोपी, पांढरं धोतर, हातात पानाचा डबा, असा एक निवांत गुजराती येऊन उभा बी राहिला. मी म्हणलं, देऊन टाकू.

घरी आलो तर अव्वाचा एकच सवाल. अव्वा म्हंजे आमची आई, नीलम्मा, समदं गाव तिला अव्वाच म्हणतं. आमी शंकराची माणसं, गळ्यात लिंग, पूजा झाल्याबिगर तोंडात पाणी घेत न्हाई, घरात अंड्याचं नाव काढायची सोय न्हाई. तर अव्वा म्हणली, "खाणारा हाय का?" मी म्हणलं, "अव्वा, गुजराती हाय, आपल्याहून सोवळा निघंल." झालं. अव्वानं माडी सारवून घेतली, माठ भरून ठेवला, आन् मी दमणी जुंपून मानवत रोडच्या ठेसनावर गेलो.

गाडी आली, माणसं उतरली, काळी टोपी काही उतरंना. मी ह्या डब्यापासून त्या डब्यापर्यंत "मकनजी, मकनजी" करत हिंडायलो, तर मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून बघतो तर छाती दिसली. मान वर केली तवा तोंड दिसलं. लाल. म्हंजे गोरं व्हतं मूळचं, पण वैशाखात मुंबईपासून बसून आलेलं, भाजल्या वांग्यासारखं सालपटं निघालेलं. म्हणतो, "हां, हां. मॅकेन्झी." आन् माझा हात धरून असा हलवला की खांदा ठणकायला लागला. स्कॉटलंड म्हणून कुठं मुलूख हाय, थंड, तिथला इंजिनवाला. मुंबईत राहून मोडकी-तोडकी हिंदुस्तानी शिकलेला.

आता ठेसनावर टाकून यावं का त्याला? तुमीच सांगा. चूक त्याची न्हाई, मुलखाची बी न्हाई. निस्तरायचं मातर मला.

दारात अव्वा उभी. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, एवढं बघायला वेळ लागला, आन् मला म्हणली, "हा गुजराती हाय?" मी खाली बघितलं. मग तिनं त्यालाच समोर उभं केलं आन् निवळ मराठीत सांगितलं, "बाबा, ह्या घरात अंडं न्हाई, मास न्हाई, बाटली न्हाई. जमत असंल तर वर जा, न्हाई तर आल्या दमणीत बस." मी दखनीत समजावून सांगितलं. तो माणूस टोपी काढून म्हणला, "अव्वा, जबान दिया." आन् गेला वर. जाताना चौकटीला डोकं आपटलं. त्या दिवसापासून रोज आपटायचं. आमी जेवायला बसलो की वरून धप्प आवाज यायचा, महादेवी, म्हंजे माझी बायको, म्हणायची, "उतरायलेत, भाकरी टाकते."

आता राहणं किती सोपं असतं, बगा. माठ हाय, बाज हाय, भाकरी हाय. पण ते आपल्याला. त्याला पाणी उकळून लागायचं. अव्वाच्या लेखी उकळलेलं पाणी म्हंजे दुखणाईताचं, म्हणून ती रोज सकाळी जिन्याखाली उभी राहून इचारायची, "आज कसं वाटायलंय बाबा?" आन् तो म्हणायचा, "अच्छा है अव्वा," आन् ही मला म्हणायची, "अच्छा हाय तर मग पाणी कामून उकळायलाय? आदी तापवायचं, मग निववायचं, मग प्यायचं. मूळचंच गार व्हतं की."

बाज त्याला आखूड. पाय बाहेर लोंबायचे आन् मुंग्या चढायच्या. मग त्यानं काय केलं, चार वाडगे मागितले, त्यात पाणी घातलं आन् बाजेचे चारी पाय त्यात ठेवले. अव्वा झाडायला वर गेली, बघितलं, खाली आली, माझ्याजवळ बसली आन् हळूच म्हणली, "चंद्रप्पा, लाकडाला पाणी घालायलाय तो. फुटवे येतील वाटतं त्याला. उन्हानं झालं असंल, काही बोलू नको."

पाव पाहिजे. पाव मानवतात कुठला? परभणीहून यायचा, येईपर्यंत त्याचं लाकूड व्हायचं, तो बिचारा चहात बुडवून बुडवून खायचा. एकदा मुंबईहून त्याच्यासाठी कसलासा डबा आला. करोडगिरीच्या, म्हंजे जकातीच्या, नाक्यावर निजाम सरकारच्या कारकुनानं तो उघडला, वास घेतला आन् मला बाजूला घेऊन म्हणला, "अप्पा, ये तो सड गया." माणूस भला, जकात बी घेतली न्हाई, नाक्यामागच्या कुत्र्यांना घालून टाकलं. घरी येऊन साहेबाला सांगितलं. साहेब खाटेवर बसला. म्हणला, "अप्पा, वो चीज था. वो ऐसाच होता है." लय दिवस वाट बघितली व्हती त्यानं त्याची. आता कारकुनाला कसं कळावं?

आन् ते दुसरं... बाया-माणसं बसलेत म्हणून जरा आडून सांगतो. सकाळचं आपलं कसं असतं, तांब्या घेतला, रान गाठलं, कुणी कुणाकडं बघत न्हाई. पण हा सहा फुटाचा, डोक्यावर टोपी, हातात तांब्या. ज्याच्या त्याच्या बांधावरून, "राम राम साहेब." आन् हा रीतीचा माणूस, प्रत्येक राम रामाला तांब्या ह्या हातातून त्या हातात घ्यायचा, टोपी उचलायचा, "राम राम" म्हणायचा. जागा गाठेपर्यंत अर्ध्या गावाशी बोलणं व्हायचं. शेवटी माझ्याकडं आला, तोंड पडलेलं, म्हणला, "अप्पा, सब लोग अच्छे हैं. बहुत अच्छे हैं. थोडा कम अच्छे होंगे तो चलेगा." मी मग गोठ्यामागं ताट्या ठोकून आडोसा करून दिला. चूक त्याची न्हाई, मुलखाची बी न्हाई. निस्तरायचं मातर मला.

पण इंजिन बसवलं हो त्यानं. उन्हात, पत्र्याखाली, तेलानं काळा होऊन. संध्याकाळी यायचा, ओट्यावर अव्वासमोर बसायचा, ती हरभरे निवडायची, हा बी निवडायला लागायचा. ती तिच्या दुखऱ्या गुडघ्याचं सांगायची, तो त्याच्या मुलखातल्या पावसाचं सांगायचा, ती मराठीत, तो कशात कुणास ठाऊक, आन् दोघं बी माना हलवायची. मी दुकान बंद करून आलो तर मला कुणी इचारायचं न्हाई.

आन् मग श्रावण लागला आन् साहेब पडला.

ताप. पयल्यांदा वाटलं असाच असंल. पण उतरंना. सहा फुटाचा माणूस बाजेवर असा वाळला की पाय बाहेर लोंबायचे बंद झाले, मुटकुळं करून पडायचा. कुणाला तरी हाका मारायचा त्याच्या भाषेत. बन्सीधर शेठ रोज येऊन जिन्यात उभे राहायचे. परभणीचे डॉक्टर दिनकरराव येऊन गेले, पुन्हा आले. शेवटी ताप उतरला, तवा आमी म्हणलं सुटलो. तर दिनकरराव मला खाली घेऊन आले आन् म्हणले, "चंद्रप्पा, ताप गेलाय, पण अंगात काही उरलं न्हाई. पेज ओकतो, वरणाचं पाणी ओकतो, दूध तर बघवत न्हाई त्याला. लहानपणापासून ज्यावर वाढलाय तेच पोटात ठरंल. कोंबडीचा रस्सा द्या, दोन दिवसांनी अंडं द्या. इथून हलवू नका, वाटंतच जाईल. आन् देणार नसाल तर मला बोलवू नका, मी येऊन काय करू?"

आता काय करता? श्रावण महिना. सोमवार. अव्वा पूजेला बसलेली, आन् तिच्या डोक्यावर माडीत हा माणूस. मी वर गेलो, म्हणलं निदान त्याला तरी इचारावं. दिनकररावांनी त्याला सांगितलेलंच व्हतं. तो भिंतीकडं तोंड करून म्हणला, "नहीं अप्पा. अव्वा को जबान दिया." बोलताना दम लागायलता. मी म्हणलं, "साहेब, आपण गपचूप करू, तिला कळणार न्हाई." तर माझ्याकडं असा बघितला की मी तसाच जिना उतरलो.

खाली येऊन दुकानात गेलो न्हाई, ओट्यावर बसून राहिलो. महादेवी येऊन बसली. पूजा उरकून अव्वा आली, आमची तोंडं बघितली आन् म्हणली, "डॉक्टर काय म्हणला?" मी सांगितलं. समदं सांगितलं. साहेब काय म्हणला ते बी सांगितलं.

अव्वा गुडघ्यावर हात देऊन उठली आन् जिना चढायला लागली. ते गुडघे घेऊन. मी मागं. वर जाऊन त्याच्या उशाशी बसली.

"मकनजी," म्हणली, "तुझी आई हाय का?"

त्याला कळलं. मान हलवली. म्हणला, "दूर."

"दूर हाय. मग जवळ कोण हाय?"

त्यानं तोंड तिच्याकडं वळवलं.

"तू शब्द मला दिला व्हतास का चंद्रप्पाला?"

"तुमको, अव्वा."

"मग मी तो परत केला. माझा व्हता, मी केला. आता गप पड."

आन् मला म्हणली, "मागच्या तानुबाईला सांग. तिच्या चुलीवर, तिच्या भांड्यात. मागच्या दारानं झाकून आणू दे. माझ्या घरात काही शिजायचं न्हाई."

तानुबाई आमच्या मागंच राहायची, हे ऐकून तिचाच इश्वास बसंना, पुन्हा पुन्हा इचारायली, "अप्पा, तुमच्या घरात? सोमवारी?" पण आणलं तिनं. पदराखाली झाकून आणलं. वास काही झाकत न्हाई. आन् अव्वा, तुमाला सांगतो, माझी अव्वा, जी दुसऱ्याच्या घरचं पाणी घेताना चारदा इचार करायची, ती बाजेशेजारी भिंतीकडं तोंड करून बसली, नाकाला पदर लावलेला, एका हातात गळ्यातलं लिंग धरलेलं आन् दुसऱ्या हातानं मागं न बघता पंख्यानं त्याला वारा घालायली. तानुबाई चमच्यानं पाजायली.

"गिळला का?" भिंतीला इचारायची.

"गिळला, अव्वा," तानुबाई म्हणायची.

"ओकायला येतंय का?"

"नहीं, अव्वा."

"मग अजून घे."

मी दारात उभा व्हतो. मला काही दिसंना, डोळ्यात काहीतरी गेलं व्हतं.

वाडगं संपलं तवा अव्वा उठली, आंघोळ केली, पुन्हा पूजा केली, मग जेवली. रोज असंच. ह्यातनं गावात बोलणं झालंच. आमचे अय्या, म्हंजे आमच्या घराण्याचे जंगम गुरू, ते येऊन ओट्यावर बसले, म्हणले, "नीलम्मा, ऐकायलो ते खरं हाय का?" अव्वा म्हणली, "दुखणाईताला डॉक्टरनं औषध दिलं. त्याला वास व्हता. औषधाला असतो." अय्यांनी जरा इचार केला, मग म्हणले, "असतो," आन् चहा घेऊन गेले.

साहेब उठला. भादव्यात जिना उतरला, चौकटीला डोकं आपटलं, आन् तो धप्प ऐकून महादेवीच्या डोळ्याला पाणी आलं.

इथंच संपलं असतं तर बरं व्हतं. पण बन्सीधर शेठ घाबरले ना, साहेब दगावला असता तर इंजिन कुणी चालवायचं? त्यांनी जिनाजवळ साहेबासाठी बंगला उठवला. खिडक्यांना जाळ्या, स्प्रिंगचा पलंग, आंघोळीला टब, आडोसा बी पक्का, चौकटी उंच. स्वयंपाकाला हैद्राबादेहून खानसामा आणला, काय पाहिजे ते खा. साहेब गेला. जाताना अव्वाच्या पाया पडला. ती म्हणली, "जा बाबा, सुखात राहा," आन् एकटीच ओट्यावर हरभरे निवडत बसली.

आठवडा बी झाला नसंल. मी दुकानात बसलेलो, बघतो तर साहेब पेटी घेऊन घराकडं चाललाय. मी पळत गेलो. ओट्यावर अव्वासमोर बसून म्हणत व्हता, "अव्वा, वहाँ सब है. बोलने को कोई नहीं." अव्वा म्हणली, "वर जा. माडी सारवलेलीच हाय." म्हंजे तिनं रोज सारवून ठेवली व्हती.

आता शेठ माझ्यावर भडकले. "चंद्रप्पा, तुमच्या अव्वानं माझा साहेब ठेवून घेतला. बंगला रिकामा पडला तर सामान जाईल. खानसामा बी निघून गेला. कुणीतरी राहायला पाहिजे." मी अव्वाकडं बघितलं. अव्वा म्हणली, "तू जा की. त्याला तिथं करमत न्हाई."

मी गेलो. आता तिथंच राहायलोय. तुमाला सांगतो, पलंगावर कूस बदलली की तो बोंबलतो. जाळीतनं मच्छर येत न्हाई, खरं हाय, पण वारा बी येत न्हाई. टबात बसलं तर अंगावर पाणी कुठनं घ्यावं कळत न्हाई. भाकरी घरून येते, येईपर्यंत गार. जात्याचा आवाज न्हाई, कुणाचं बोलणं न्हाई. मपल्याच गावात मला करमंना झालंय. चूक त्याची न्हाई, मुलखाची बी न्हाई.

काल म्हणलं जाऊ द्या शेठचं सामान, आज घरी जाऊन गरम भाकरी खायची. गेलो. आतून ताटाचा आवाज, हसण्याचा आवाज. दारातून वाकून बघितलं. अव्वानं माझ्याकडं बघितलं, पाहुण्याकडं बघतात तसं, आन् म्हणली, "आलास का? जरा ओट्यावर बस बाबा, साहेबाचं जेवण चालू हाय, ते उरकलं की तुला वाढते."

काय करता? बसलो ओट्यावर.