बत्तीस-वीस

...आणि वर मलाच विचारतात, "वेंडेल, हातांना काय झालं रे?" अहो, हातांना काय व्हायचंय! पंचवीस वर्षं बिनाशॉकअपची सायकल पेनसिल्व्हेनियाच्या दगडांवरून चालवली की माणसाच्या हातांचं जे होतं तेच झालंय! तुम्हाला सांगतो, आमच्या डोंगरात माती कमी आणि दगड जास्त. सगळ्या दुनियेला दगड वाटून उरले ते आमच्याकडे आणून ओतले आणि वाटणारा जो जेवायला गेला तो परत आलाच नाही! त्या दगडांवरून ही माझी सायकल. पुढचं चाक धरणारा चिमटा सरळसोट पोलादाचा. दगडावर चाक आपटलं की चिमटा तो दणका स्वतःकडे ठेवत नाही, मनगटाला देतो, मनगट म्हणतं मला नको बाबा, खांद्याला देतं, खांदा जबड्याला देतो... दोनदा दाढेतलं सिमेंट पडलंय माझ्या, दोनदा! आणि गिअर? एकच. चढ आला, एकच. उतार आला, एकच. दातांचा डॉक्टर हातात चिमटा धरून म्हणतो, "वेंडेल, माणसं आता गिअरच्या सायकली वापरतात, तू का नाही?" मी तोंड उघडं ठेवूनच उत्तर दिलं, आमचं ठरलेलं उत्तर... साधी सायकल आहे हो, डोक्याला ताप नाही!

बरं, माझा धंदा काय? तर लोकांचे केस कापणे! म्हणजे बघा, गुरुवारी संध्याकाळी दगडांवरून फिरून आलो की शुक्रवारी सकाळी कात्री हातात आपली आपण चालायची. मी काही करायचीच गरज नाही! अख्ख्या गावाला माहीत होतं, ज्याला आपले कान प्रिय आहेत त्याने शुक्रवारी वेंडेल हॉस्टेटरच्या दुकानात पाऊल टाकू नये. शुक्रवारी एकच गिऱ्हाईक यायचं, मर्ल. मर्ल डिट्रिक. घराघरातल्या हीटिंगच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. तो येऊन खुर्चीत बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "काप. डावा कान जरा जपून, तो आर्लीनला आवडतो." आर्लीन म्हणजे त्याची बायको. आणि मागे केसांच्या पायऱ्या पायऱ्या घेऊन निघून जायचा, एका शब्दाने कुरकुर नाही, कारण त्याचेही हात तसेच थरथरत असायचे!

आता ही गिअरची भानगड नीट ऐका, कारण सगळं रामायण त्यातच आहे. एकच गिअर म्हणजे एकच चाल. चढावर जरा हळू झालात की सायकल थांबते आणि तुम्ही आडवे. जरा जोरात गेलात की छाती फुटते. त्यामुळे चढावर दोघांना शेजारीशेजारी जायचं असेल तर दोघांचा गिअर एकच हवा. माझा बत्तीस-वीस. पुढे बत्तीस दात्यांची चकती, मागे वीस दात्यांची. मर्लचाही बत्तीस-वीस. बावीस वर्षं! दर गुरुवारी हार्नरच्या डोंगरावर, लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याने, दोघं सीटवरून उठून, खांद्याला खांदा लावून. आणि बोलणं? एका श्वासाला एक शब्द! तो म्हणायचा, "आर्लीन..." चार पेडल. "म्हणते..." चार पेडल. मी म्हणायचो, "काय..." चार पेडल. "म्हणते?" "छप्पर..." "हं..." "गळतंय!" एवढ्यात अर्धा डोंगर संपलेला असायचा! बावीस वर्षांत आमची मोजून एक संध्याकाळभर गप्पा झाल्या असतील, पण तुम्हाला सांगतो, दुकानात मी दिवसभर जी बडबड करतो ना, ती सगळी एका पारड्यात टाका, तरी त्या गप्पांची सर नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात हा पठ्ठ्या आला तो बारा गिअरची सायकल घेऊन! पुढे शॉकअप, मागे शॉकअप, सीट बटणावर खालीवर! मी म्हटलं, "मर्ल, हे काय?" तर म्हणतो, "हे... गुडघे जरा..." आणि बूट बघत बसला.

आता आमच्यात, म्हणजे गावातल्या एका गिअरवाल्यांत, एक पद्धत आहे. स्कीटरचा बार आहे, फिरून आल्यावर आम्ही तिथे बसतो. जो कोणी गिअर घेईल त्याचा तिथे अंत्यविधी होतो! हसू नका, रीतसर होतो. त्याच्या जुन्या सायकलची मागची चकती काढायची, स्कीटर ती गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळ्याने ठोकतो, सगळ्यांनी टोप्या काढायच्या आणि एकाने शोकभाषण करायचं. सात जण आधीच भिंतीवर होते. मर्ल आठवा. आणि भाषण कोण करणार? ज्याची जीभ गावात सगळ्यात लांब तोच ना! उठलो मी. म्हटलं, "मंडळी, आज आपण मर्ल डिट्रिकला निरोप देतोय. माणूस चांगला होता. पाय मजबूत होते. फुप्फुसं झकास होती. हृदयच तेवढं कमी पडलं हो!"

अख्खा बार हसून कोसळला! स्कीटर गल्ल्यावर डोकं ठेवून हसतोय, लोक टेबलं बडवतायत... मर्लही हसला. जरासा उशिरा हसला. आणि मी, ज्याचा जन्म आरशात लोकांची तोंडं बघण्यात गेला, त्याला तो उशीर दिसला नाही. दिसला नाही हो मला.

पुढचे गुरुवार कसे गेले सांगू? मर्ल हळू चढायला लागला. फारच हळू. मला हळू जाता येत नाही, थांबलो तर आडवा होतो! मग काय, मी पुढे. वर पोचायचो, दगडावर बसायचो, पाणी प्यायचो, घाम पुसायचो, शीळ घालायचो. वीस मिनिटांनी मर्ल उगवायचा. मी म्हणायचो, "आलास? चल!" आणि सायकलवर टांग. साधी सायकल आहे हो, डोक्याला ताप नाही! पानं गळायला लागली तसा तो यायचाच बंद झाला. मग दुकानातही येईना. एक दिवस हार्डवेअरच्या दुकानात पाठमोरा दिसला, आणि बघतो तर काय... त्याच्या मानेवर केसांची रेघ! सरळ! फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ! दुसऱ्या कुणाकडून कापून घेतले होते त्याने! मी खिळ्यांच्या खोक्यांआड लपून उभा राहिलो, साठ वर्षांचा घोडा मी.

असं तीन वर्षं. आणि या सप्टेंबरात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये चिकन-वॉफलचं जेवण होतं, अख्खं गाव जमतं तिथे. मी ताट घेऊन रांगेत, आणि रस्सा वाढायला समोर कोण? आर्लीन! तिने वॉफलवर रस्सा घातला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "वेंडेल, तू त्या दिवशी हृदय कमी पडलं म्हणालास ना, त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या हृदयात दोन स्टेंट टाकले होते. गुडघ्याबिडघ्याचं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले सायकल सोडा. हा म्हणाला सायकल हवी तर सोडतो, गुरुवार नाही सोडणार. भांडून भांडून गिअरवर तडजोड झाली." मी ताट धरून उभा. मागचे म्हणतायत पुढे सरका, पुढे सरका. आर्लीन म्हणाली, "महिनाअखेर आम्ही लेकीकडे चाललोय, ॲरिझोनाला. कायमचे. अजून रस्सा हवाय?"

घरी आलो. माझी बायको लॉइस, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आणि माफी माग."

"कशी मागू?"

"तोंडाने! दिवसभर चालतं ना, त्याच तोंडाने!"

आता सरळ उठून जाईल तो मी कसला! मी जाऊन काय केलं असेल? गिअरची सायकल घेतली! बारा गिअर, दोन शॉकअप, बटणाची सीट, सगळं! म्हटलं, चढावर त्याच्या शेजारून हळूहळू जायचं आणि जाता जाता बोलून टाकायचं, नेहमीसारखं, एका श्वासाला एक शब्द. दुसरीकडे कुठे त्याच्याशी खरं बोलल्याचं मला आठवतच नव्हतं. लॉइसने सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "माफी मागायला बारा गिअर लागतात होय रे?"

मर्लला फोन केला. "गुरुवारी येतोस?" तर म्हणाला, "वेंडेल, तुझ्या मागून यायला आता जमत नाही रे." मी म्हटलं, "तू ये तर खरा!"

आला. माझी सायकल बघून जागच्या जागी थांबला. म्हणाला, "कोण गेलं?"

म्हटलं, "मी."

निघालो. पहिली दहा पेडल शेजारीशेजारी मारली, वाऱ्याला बर्चच्या झाडांचा वास, सगळं अगदी पूर्वीसारखं! मी उठलो सीटवरून, मान खाली घातली आणि सुरू केलं. "मर्ल..." चार पेडल. "माझं..." चार पेडल. "चुकलं..." चार पेडल. सगळं बोललो! भाषणाचं बोललो, हृदयाचं बोललो, खिळ्यांच्या खोक्यांआड लपलो तेसुद्धा बोललो! अख्खा डोंगरभर बोललो, डोळ्यातलं पाणी आणि घाम एक झाला, वर पोचलो, वळून म्हटलं, "करशील ना माफ?"... तर मागे कोणी नाही!

कुणीच नाही हो! रस्ता रिकामा! बारा गिअर आणले होते, एकदाही बदलला नव्हता! पंचवीस वर्षांची पायांची सवय, ते आपले एकाच चालीने निघाले, आणि मी माझी माफी हार्नरच्या झाडांना सांगत वर आलो!

उलटा खाली गेलो. निम्म्या वाटेवर मर्ल ओंडक्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "गिअरचं बटण उजव्या अंगठ्याखाली असतं."

आता बघा गंमत. थांबलेलो, श्वास जागेवर, बोलायला आडकाठी कसलीच नाही, आणि तोंडातून शब्द फुटेना! "मर्ल... ते भाषण..."

"भाषण फर्मास होतं," तो म्हणाला. "घरी जाऊन आर्लीनला सगळं म्हणून दाखवलं मी. तीच चिडली, मी नाही."

"मग गड्या, तू यायचा का बंद झालास?"

तो हातमोजा काढून परत घालत बसला. मग म्हणाला, "तू वर जाऊन वीस मिनिटं बसायचास, वेंडेल. आणि मी पोचलो की लगेच उठायचास. मला कधी बसायलाच मिळालं नाही रे."

तुम्हाला सांगतो, मला कुणी कानफटीत मारली असती तर बरं वाटलं असतं. म्हटलं, "सांगायचंस ना!" तर म्हणतो, "कधी सांगू? तू वर असायचास."

मग मी सायकल हातात धरली, त्यानेही धरली आणि दोघं चालत निघालो. माझे बारा, त्याचे बारा, चोवीस गिअर ढकलत, पायी! त्याचे दम खाण्याचे थांबे मोजले नाहीत मी. तो थांबला की थांबलो. माझं चुकलं ते म्हटलं एकदाचं, तोंडाने, लॉइसने सांगितलं तसं, आणि तो म्हणाला, "हं." वर पोचल्यावर तो बसला, मी बसलो. आर्लीनने दोघांपुरते व्हूपी पाय, म्हणजे मध्ये क्रीम भरलेले छोटे केक, दिले होते, क्रीम बोटांना लागेपर्यंत ते खाल्ले, आणि तो उठेपर्यंत मी उठलो नाही. तीन वर्षं चालत जाता येत होतं हो! पाय होते ना आम्हाला! सुचलं नाही. सायकलवाल्याला चालायचं सुचतच नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुकान उघडायला गेलो तर मर्ल दारात. खुर्चीत बसला, डोळे मिटले. म्हणाला, "काप. ॲरिझोनातल्या लोकांना काय ते एकदा बघू दे." आणि हात पाहतो तर स्थिर! नव्या सायकलला शॉकअप ना, थरथर कसली येणार! पंचवीस वर्षांत शुक्रवारी पहिल्यांदा माझी कात्री सरळ चालली. मानेपर्यंत. मानेपाशी जरा हलली, पण त्यात सायकलचा काही दोष नव्हता. मर्लने आरशात मान वळवून ती वाकडी रेघ बघितली आणि म्हणाला, "हां, आता बरोबर आहे."

शनिवारी ते गेले. आणि पुढच्या गुरुवारी माझा अंत्यविधी! पद्धत म्हणजे पद्धत. टोप्या निघाल्या, भाषण झालं, माझ्या जिभेवर तीन विनोद झाले, तिन्ही खरे. स्कीटर माझी चकती हातात घेऊन हातोडा उगारून म्हणाला, "कुठे ठोकू रे?" मी बोट दाखवलं.

आता मी दर गुरुवारी हार्नर चढतो. अंगठा शिकलाय, अगदी सावकाश जाता येतं, कुणाच्याही शेजारून जाता येईल इतकं सावकाश... शेजारी कुणी नसतं ते सोडा. दाढ दुखत नाही. शुक्रवारी दुकानात गर्दी असते, सगळ्यांचे कान शाबूत. खाली आलो की स्कीटरकडे बसतो आणि भिंतीकडे बघतो. दोन चकत्या, मर्लची नि माझी, खेटून ठोकलेल्या. वीस दाते त्याचे, वीस माझे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, वर जाऊन कुणी कुणाची वाट बघत नाही... त्यांचं बरंय हो. डोक्याला ताप नाही.