तारेतला वजनदार शब्द

इंग्रजीत बी.ए. केल्याचा मला एकदा असा पश्चात्ताप झाला, की बोलायची सोय नाही. ब्याण्णव साली माझा चुलतभाऊ संभा मिलिटरीतून रजेवर दहिवडीला आला होता. त्यातच काकी न्हाणीत घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. रजा वाढवायला तार करायची होती, ती अर्थातच माझ्याकडे आली. मी सरळ लिहिलं, ‘मदर सीरियस, रजा वाढवावी.’

काकीचे भाऊ म्हणजे आमचे मामा, रिटायर सुभेदार. त्यांनी कागद बाजूला सारला.

“आरं, मदर सीरियस तर समदीच पोरं लिवत्यात. सायब इस्वास ठेवंल व्हय? आमचं कर्नलसायब म्हणायचं तसं लिव, इनडिस्पोज्ड.”

“आवं मामा, त्याचा अर्थ तब्येत जराशी नरम आहे, एवढाच होतो. सर्दी-पडशाला वापरतात तो!”

“अठ्ठावीस वर्सं मिलिटरीत मी हुतो का तू?”

काकी खाटेवरून कण्हत म्हणाली, “मोठ्यांचं ऐकावं रं बाबा.” घातला शब्द.

आठव्या दिवशी साहेबांचं पत्र आलं. ‘आईचं दुखणं वाढवून न सांगणारा तू पहिलाच जवान. प्रामाणिकपणाबद्दल शाबासकी. रजा वाढणार नाही, ताबडतोब हजर हो.’

संभा ट्रंक भरायला लागला. मी डोकं धरून बसलो. मामा मात्र ते पत्र भिंतीला लावायला खिळा शोधत होते.

“बघ गड्या,” ते म्हणाले, “तुझ्या सीरियसला शाबासकी मिळाली असती का?”